मागे इंजिन, पुढे रेडिएटर: मधल्या पाइपांचं काय करू?

खटपट्या (शनिवार, रात्री ११.४०)

नमस्कार मंडळी. दोन वर्षं झाली, आमच्या गोठ्यात (म्हशी विकल्या, गोठा उरला) दोन सीटची बग्गी बनवतोय. चौकट मीच वेल्ड केली. इंजिन भंगारातल्या मारुती ८०० चं, तीन सिलिंडर, ७९६ सीसी. गिअरबॉक्ससकट उचललं आणि सीटच्या पाठीमागे बसवलं. इंजिन सुरू होतं, आवाजही बरा आहे, पण पाण्याची सोय नसल्याने अर्ध्या मिनिटात बंद करावं लागतं.

रेडिएटर पुढे नाकात बसवलाय. म्हणजे गरम पाणी मागून पुढे आणि गार पाणी पुढून मागे न्यायला फरशीखालून प्रत्येकी २.४ मीटरचे दोन पाइप हवेत. एवढी लांब रबरी होज टाकायला मन धजत नाही. खालून दगड लागला की संपलं. म्हणून धातूचे पाइप.

प्रश्न असे: धातू कोणता? वळणं कशी द्यायची? आणि जोड कसे करायचे की पाच किलोमीटरवर गळायला लागणार नाहीत? माझ्याकडे साधं आर्क वेल्डिंग, ग्राइंडर, ड्रिल आणि एक व्हाइस आहे. उद्यमनगर (वर्कशॉपांची वसाहत) तासाभरावर, त्यामुळे लेथचं किंवा आर्गॉन वेल्डिंगचं काम बाहेरून करून घेता येईल.

चहाबिस्कीट (शनिवार, रात्री ११.५२)

रेडिएटर मागे इंजिनाशेजारीच ठेवला की पाइपही नको आणि धागाही नको.

खटपट्या (रविवार, सकाळी ७.०५)

ठेवून बघितला. मागे वारा येत नाही, चाकांचा सगळा चिखल मात्र येतो. फॅन सतत चालवावा लागेल. शिवाय सगळं वजन मागेच झालं तर पुढची चाकं नुसती शोभेला.

तात्या_फिटर (रविवार, सकाळी ९.३०)

आरं लेकरा, एवढं कशाला डोकं खाजवतोस. साखर कारखान्यात तीस वर्सं फिटर व्हतो. सव्वा इंची काळा पाइप आण, वाळू भर, दोन्हीकडनं लाकडी गुल्ल्या ठोक, भट्टीत लाल कर आन् खुंट्यांच्या मधी घालून वाकीव. घडी पडत न्हाई, चपटा हुईत न्हाई. जोडाला पितळंचा डाग दे. आमच्या टायमाला ट्रॅक्टरचं पाइप असंच करत व्हतो, अजून चालत्यात.

नट_बोल्ट (रविवार, सकाळी १०.१५)

तात्या, वाळूची युक्ती नंबर एक, फक्त एक जोडतो. वाळू आधी कढईत भाजून कोरडी खडखडीत करा. ओल राहिली तर आत वाफ होते आणि लाकडी गुल्ली बंदुकीच्या गोळीसारखी सुटते. गुल्लीला बारीक भोक ठेवलेलं बरं. पाइप ठोकत ठोकत भरायचा, म्हणजे आत पोकळी राहत नाही.

खटपट्या, तुम्ही प्रश्न धातूपासून सुरू केलात, मी असतो तर जोडापासून केला असता. मारुतीच्या रेडिएटरचं झाकण साधारण ०.९ किलो (दर चौरस सेंटीमीटरला) दाबाचं असतं. सव्वा इंची पाइप म्हणजे बाहेरून ३१.८ मिमी, त्याच्या तोंडाचं क्षेत्रफळ आठ चौरस सेंटीमीटरच्या आत-बाहेर. म्हणजे प्रत्येक जोडावर होजला पाइपावरून ढकलून काढायला साधारण सात किलोचा जोर सतत लागलेला असतो. त्यात कूलंट (इंजिन गार ठेवणारं द्रव) बुळबुळीत आणि इंजिन हादरतंय. गुळगुळीत पाइपावर नुसती क्लिप आवळून हे थांबत नाही. आज नाही तर पुढच्या महिन्यात होज सरकणारच.

म्हणून पाइपाच्या टोकाला सगळ्या बाजूंनी उंचवटा हवा. त्याला बीड म्हणतात. दीड मिमी उंच पुरतो. होज त्याच्यावरून ढकलून पंचवीस-तीस मिमी आत घ्यायची आणि क्लिप बीडच्या मागे चार-पाच मिमी अंतरावर आवळायची. बीडवर क्लिप आवळणारे महाभाग मी पाहिलेत. तिथे होज कापली जाते आणि दोष रबराला जातो.

चहाबिस्कीट (रविवार, सकाळी १०.२२)

बीड करून घ्यायला बीडला जावं लागतं का?

तात्या_फिटर (रविवार, सकाळी १०.४०)

आमच्याकडं बीड म्हंजे बिडाचा तवा. पाइपाला तवा कशाला लावायचा म्हून मी दोनदा वाचलं.

मिसळ_एक्स्ट्रा_पाव (रविवार, सकाळी १०.५८)

वाचनखूण साठवली. गाडी बनवायची नाही, पण तात्यांचे प्रतिसाद हवेत.

भोळासांब (रविवार, दुपारी १.१०)

घराच्या प्लंबिंगचा जीआय पाइप का नको? एल्बो, टी, युनियन सगळं तयार मिळतं. आटे पाडायचे, सुतळी आणि सफेदा लावायचा, काम खल्लास. वेल्डिंगची भानगडच नाही.

रसायनी_रंजना (रविवार, दुपारी २.४५)

भोळासांब, नका हो. जीआयच्या आतल्या जस्ताच्या थराचं आणि कूलंटमधल्या गंजरोधकांचं पटत नाही. जस्त सुटतं, त्याचा गाळ होतो आणि तो रेडिएटरच्या बारीक नळ्यांत जाऊन बसतो. शिवाय आट्यांचे जोड घराच्या भिंतीत गपगुमान बसलेले असतात, गाडीत ते हादरून ढिले होतील. वजनाचं तर बोलायलाच नको.

आणि कोणी तो जीआय वेल्ड करायला निघालं तर आणखी वाईट. जस्ताच्या धुराने संध्याकाळी थंडी वाजून ताप भरतो. वेल्डर लोकांना हा ताप चांगला ठाऊक असतो.

तात्या_फिटर (रविवार, दुपारी ३.००)

वेल्डिंगनंतर गुळाचा खडा खायचा. काय हुईत न्हाई.

रसायनी_रंजना (रविवार, दुपारी ३.२०)

तात्या, गूळ जरूर खा, पण धूर फुप्फुसात जातो आणि गूळ पोटात. दोघांची गाठ पडत नाही. दार उघडं ठेवा, पंखा लावा आणि मुळात जस्त जाळूच नका.

सातासमुद्रापार (रविवार, सायंकाळी ६.३५)

इंग्लंडहून लिहितेय. इथे घरी गाडी बांधणं हा रीतसर छंद आहे. गॅरेजमध्ये बांधायची, आयव्हीए नावाची सरकारी तपासणी पास करायची आणि नंबरप्लेट लावून रस्त्यावर आणायची. मी आणि नवऱ्याने मिळून एक बांधली, तिचंही इंजिन मागे आणि रेडिएटर पुढे.

आम्ही पाइप तांब्याचे केले. इथे घरं गरम ठेवायच्या व्यवस्थेसाठी २८ मिमीचा तांब्याचा पाइप कुठल्याही प्लंबिंगच्या दुकानात मिळतो, एल्बोसकट. घासून स्वच्छ करायचा, फ्लक्स लावायचा, बर्नरने तापवायचा आणि सोल्डर टेकवायचं. ते फटीत आपोआप शोषलं जातं. माझा पहिला जोड ओबडधोबड झाला, चौथ्यापासून दागिन्यासारखे. आर्गॉन नको की कुणाच्या पाया पडणं नको. काटकोनी एल्बो टाळून शक्य तिथे ४५ अंशांचे दोन वापरले, पाणी सरळ वाहतं. बीडच्या जागी टोकाला तांब्याच्या तारेचं कडं बसवून तेही सोल्डर केलं.

चार उन्हाळे झाले. गळती नाही.

नट_बोल्ट (रविवार, रात्री ८.१०)

ताई, काम सुबक झालं असणार, पण माझे दोन आक्षेप. एक, सोल्डरचा जोड हादऱ्यात थकतो. घराच्या भिंतीला इंजिन लटकवलेलं नसतं. दोन, मारुतीचं हेड (इंजिनाचा वरचा भाग) अ‍ॅल्युमिनियमचं, हल्लीचे बहुतेक रेडिएटरही अ‍ॅल्युमिनियमचे. मध्ये पाच मीटर तांबं घातलंत की एकाच पाण्यात दोन वेगळे धातू, म्हणजे बॅटरीच तयार झाली. खाल्लं जाणार अ‍ॅल्युमिनियम.

सातासमुद्रापार (रविवार, रात्री ९.०२)

पहिल्याला उत्तर: आमचे तांब्याचे पाइप इंजिनाला थेट जोडलेलेच नाहीत. दोन्ही टोकांना हातभर रबरी होज आहे. हादरा रबर खातं.

रसायनी_रंजना (रविवार, रात्री ९.४८)

दुसऱ्याला उत्तर मी देते. नट_बोल्ट यांचं शास्त्र बरोबर, पण निष्कर्ष जरा ताणलाय. आधीच्या पिढीतल्या कितीतरी गाड्यांत रेडिएटर तांब्या-पितळेचा आणि हेड अ‍ॅल्युमिनियमचं असायचं. त्या गाड्या वर्षानुवर्षं चालल्या. कारण कूलंटमधली गंजरोधक द्रव्यं धातूवर पातळ पडदा धरतात आणि ही बॅटरी चालू होऊ देत नाहीत.

पण ही द्रव्यं संपतात. आणि आपल्याकडे कूलंट कमी झालं की लोक नळाचं, बोअरचं, कधी पंपावरच्या बादलीतलं पाणी ओततात. क्षारांचं पाणी गेलं की पडदा फाटतो. तेव्हा प्रश्न तांबं चालेल का हा नाहीच. कूलंट वेळच्या वेळी बदलणार का, हा आहे. बदलणार असाल तर तांबंही चालेल. वर कमी पडलं तर बॅटरीत घालतो ते डिस्टिल्ड पाणी ओता, कोल्हापूर-सांगलीकडच्या बोअरचं अजिबात नको.

अवांतर: कूलंट चवीला गोड आणि जहाल विषारी असतं. गोठ्यात कुत्रं-मांजर असेल तर सांडलेलं लगेच धुऊन काढा. ती चाटतात.

खटपट्या (रविवार, रात्री १०.१५)

कुत्रं आहे. धन्यवाद, हे डोक्यातच नव्हतं.

कायद्याचं_बोला (सोमवार, सकाळी ११.००)

सर्वजण पाइपात गुंतलेत, पण धागाकर्त्याने मोटार वाहन कायदा, १९८८ वाचला आहे काय? कलम ३९ नुसार नोंदणी नसलेलं वाहन सार्वजनिक ठिकाणी चालवता येत नाही. नोंदणीआधी नमुना वाहनाची अधिकृत संस्थेकडून चाचणी लागते, ती कारखानदारांसाठी असते. गोठ्यातल्या बग्गीसाठी नाही.

खटपट्या (सोमवार, सकाळी ११.२५)

वाचलाय साहेब. आमचं अकरा एकर रान आहे आणि मधून खाजगी वाट. पुढेमागे ट्रॅकवर नेलीच तर ट्रॉलीवर चढवून. डांबरी दिसला की इंजिन बंद.

मिसळ_एक्स्ट्रा_पाव (सोमवार, सकाळी ११.५०)

सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रेच्या लोहारांनी भंगारातून किक मारून सुरू होणारी जीप केली होती, आठवतंय? आनंद महिंद्रांनी कौतुक केलं, ही रस्त्यावर आणता येणार नाही असंही सांगितलं आणि जीपच्या बदल्यात बोलेरो दिली. खटपट्या भौ, तुम्हीही व्हिडिओ टाका.

चहाबिस्कीट (सोमवार, सकाळी ११.५४)

कूलंट गळतानाचा टाका. ट्रक मिळेल.

फॉर्म्युला_कार्टं (सोमवार, रात्री १२.३०)

परवाच इंजिनीअरिंग संपलं. आमच्या टीमने फॉर्म्युला भारतसाठी (विद्यार्थ्यांनी बनवलेल्या रेसगाड्यांची स्पर्धा) कोइंबतूरला गाडी नेली होती. त्या स्पर्धेत कूलंट घालायला बंदी, फक्त साधं पाणी. ट्रॅकवर कूलंटमधलं ग्लायकॉल सांडलं तर मागचा घसरतो म्हणून.

आम्ही हलके म्हणून अ‍ॅल्युमिनियमचे पाइप केले. शिकलेलं सांगतो. अ‍ॅल्युमिनियमला एसी टिग (एसी करंटवरचं आर्गॉन वेल्डिंग) लागतं, नाक्यावरच्या सगळ्यांकडे ते नसतं. ६०६१-टी६ जातीचा पाइप गार असताना छोट्या त्रिज्येत वाकवला की बाहेरच्या बाजूने चिरतो. आमचे दोन चिरले. मग तयार वळणं आणून जोडली, फिलर (वेल्डमध्ये वितळवायची तार) ४०४३. ते मस्त झालं.

फजिती दुसरीकडे झाली. एका जोडाला बीड करायचं राहिलं होतं. पहाटे तीन वाजता कोणीतरी म्हणालं, दोन क्लिपा लावू, काय होतंय. दुसऱ्या दिवशी चौथ्या फेरीत होज सुटली, पाणी थेट मागच्या टायरवर. गाडी गोल फिरून उलट्या तोंडाने थांबली. ड्रायव्हर मीच होतो. नट_बोल्ट सर सात किलो म्हणाले ना, ते वाचून अंगावर काटा आला.

नट_बोल्ट (मंगळवार, सकाळी ८.२०)

दोन क्लिपा म्हणजे एका चुकीला दोन साक्षीदार.

अ‍ॅल्युमिनियमबद्दल एक राहिलं. ते तापल्यावर लांबतंही जास्त. २.४ मीटरचा पाइप ३० अंशांवरून ९५ वर गेला की अ‍ॅल्युमिनियम साडेतीन मिमीच्या वर वाढतं, स्टेनलेस अडीचच्या थोडं वर, साधं लोखंड दोनच्या आत. वाचायला किरकोळ वाटतं. पण दोन्ही टोकं चौकटीला वेल्ड करून टाकलीत तर ती वाढ कुठेतरी बाहेर पडणार, आणि ती वेल्डच्या कडेनेच पडते. पाइप एकाच जागी घट्ट धरा. बाकीच्या पट्ट्यांत रबर घाला, म्हणजे तो आत सरकेल.

खटपट्या (मंगळवार, रात्री ९.४०)

सगळ्यांचं वाचून आज उद्यमनगरला चक्कर मारली. काळा पाइप स्वस्त, पण आतून गंजणार, आणि गंज पाण्याबरोबर फिरणार. (तात्या, रागावू नका.) तांब्याचा भाव ऐकून दुकानातून पाणी पिऊन बाहेर आलो. अ‍ॅल्युमिनियमचं वेल्डिंग करणारा एकच सापडला आणि तो पंधरा दिवसांनी ये म्हणाला.

पण जिन्याचे स्टेनलेस रेलिंग करणारे गल्लीगल्लीत आहेत आणि प्रत्येकाकडे आर्गॉन आहे! रेलिंगचाच सव्वा इंची पाइप, जाडी १.२ मिमी. हिशेब केला तर दोन्ही पाइपांत मिळून सव्वातीन लिटर जादा कूलंट मावेल. चालेल ना?

तात्या_फिटर (मंगळवार, रात्री १०.०५)

रागवतोय कशाला. पन गंजाचं म्हनशील तर आमी वर्साला पानी बदलत व्हतो.

डेअरीवाला_दादा (बुधवार, सकाळी ६.५०)

इतके दिवस नुसतं वाचत होतो, आता राहवत नाही. दूध संघात मेंटेनन्सला आहे. रेलिंगवाल्याकडून पाइप घेताना सांभाळा. ३०४ जातीचं स्टेनलेस म्हणून हलकं २०२ गळ्यात मारतात. लोहचुंबक लावून कळत नाही, दोन्हीला चिकटत नाही. तपासायला थेंबाचं केमिकल मिळतं, त्यात २०२ चा रंग लाल होतो. दुकानदार थेंब टाकू देत नसेल तर उत्तर मिळालं असं समजा. जिन्याला २०२ ठीक, पण आतून गरम पाणी खेळवायला ३०४ च घ्या.

वळणं हवी असतील तर डेअरी फिटिंगच्या दुकानात जा. ३०४ चे घडीव बेंड मिळतात, आतून आरशासारखे, कारण तिथे दूध अडकून चालत नाही. पण मापं एक इंच, दीड इंच अशी, सव्वा इंची मिळणं कठीण. माझं मत विचाराल तर धातूचं वळण देऊच नका. पाइप सरळ ठेवा आणि वळायचं काम रबराला द्या. भंगारात गाड्यांच्या रेडिएटर होज हव्या त्या आकारात मिळतात. आकार बघून ठेवा, मग तशीच नवीन घ्या.

नट_बोल्ट (बुधवार, सकाळी ९.१५)

दादा, सरळ पाइप आणि वळणाला रबर ही कल्पना फर्मास. शंभरातल्या नव्वद अडचणी तिथेच मिटतात.

खटपट्या, आर्गॉनवाल्याला एक गोष्ट बजावून सांगा. रेलिंगवाला बाहेरून चकाचक जोड देतो, आतून कोण बघतंय? स्टेनलेस वेल्ड करताना आतल्या बाजूला हवा लागली की तिथे काळी, रवाळ खपली धरते. ती पुढे सुटून वॉटर पंपात आणि रेडिएटरमध्ये जाते. म्हणून पाइपाची तोंडं टेपने बंद करून आतही आर्गॉन सोडायला लावा. तो म्हणेल, गॅस वाया जातो. गॅसचे पैसे वेगळे द्या.

बीडसाठी: टोकापासून तीन-चार मिमीवर वेल्डचाच एक फेरा मारून घ्या आणि कानस लावून गोल, गुळगुळीत करा. धार राहिली तर होज आतून कापली जाईल. क्लिपा रुंद पट्टीच्या, आतून सपाट असलेल्या घ्या. खाचा आरपार असलेल्या स्वस्त क्लिपा रबरात रुततात.

भोळासांब (बुधवार, सकाळी १०.००)

एवढं करण्यापेक्षा एम-सील?

चहाबिस्कीट (बुधवार, सकाळी १०.०१)

भोळासांब, तुम्ही जीआयवरच थांबायला हवं होतं.

तात्या_फिटर (बुधवार, सकाळी ११.३०)

एक काम कर पोरा. पाइप गाडीत बशिवण्याआधी पानी भर, एका तोंडाला प्लंबरचा टेस्ट पंप लाव आन् दीड किलो दाब दे. रात्रभर ठेव. रेडिएटर लावून करू नगंस, झाकनापेक्षा जादा दाब त्याला कशाला. आन् हवा भरून तर अजिबात न्हाई. पानी फुटलं तर भिजशील, हवा फुटली तर दवाखाना.

नट_बोल्ट (बुधवार, सकाळी ११.४२)

तात्यांना दंडवत.

खटपट्या (साडेतीन आठवड्यांनी, रविवार, रात्री ८.३०)

मंडळी, धागा वर काढतोय. काम झालं, आणि नाहीही झालं.

आधी झालेलं सांगतो. ३०४ चे दोन सरळ पाइप. (थेंब टाकला. पहिल्या दुकानात लाल, दुसऱ्या दुकानात थेंब टाकू दिला नाही, तिसऱ्या दुकानात पास.) चारही टोकांना वेल्डचं बीड, दीड तास कानस. आर्गॉनवाला आत गॅस सोडायला तयार नव्हता, मग चहा पाजून, डेअरीत असंच करतात म्हणून पटवलं. मागचा आडवा दांडा चुकवायला एका पाइपाला थोडा उंचवटा द्यावा लागला, तो तिरके तुकडे कापून जोडून केला. दीड किलोवर रात्रभर ठेवला. काटा हलला नाही.

आता न झालेलं. आज कूलंट भरून इंजिन सुरू केलं. दहा मिनिटांत तापमानाचा काटा लाल पट्टीकडे. इंजिनाजवळचा पाइप हात लावू देत नाही आणि रेडिएटर थंडगार. गळती एक थेंब नाही. पंप गेला असेल का? सगळं पुन्हा उचकटायचं या विचाराने जेवण गेलं नाही.

सातासमुद्रापार (रविवार, रात्री ८.५५)

पंपाला हात लावू नका! हवा अडकली आहे. तुम्हीच लिहिलंय, मागच्या दांड्यावरून उंचवटा दिलाय. हवेचा फुगा तिथे बसला असणार, दुसरा रेडिएटरच्या वरच्या कोपऱ्यात. पंप पाणी ढकलतो, फुगा ढकलला जात नाही. आमच्याकडे अगदी हेच झालं होतं, नवऱ्याने थर्मोस्टॅट बदलला, मग पंप बदलला. पैसे गेले, हवा तिथेच.

नट_बोल्ट (रविवार, रात्री ९.१०)

ताईंना +१. प्रत्येक उंच जागी हवा सुटायची वाट हवी. पाइप शक्यतो एकाच दिशेने चढता ठेवायचा असतो, हे मी आधीच लिहायला हवं होतं. चूक माझी. आता उंचवट्याच्या माथ्यावर आणि रेडिएटरच्या वरच्या टाकीवर एकेक ब्लीड निपल (हवा सोडायचा छोटा पोकळ स्क्रू) बसवा. भंगारातल्या ब्रेक कॅलिपरचं निपल चालतं. त्याच्या आट्यांचा एक छोटा तुकडा लेथवर करून पाइपावर वेल्ड करून घ्या. आणि कूलंट भरायची टाकी सगळ्यांत उंच ठेवा, झाकण तिलाच.

रसायनी_रंजना (रविवार, रात्री ९.२५)

आणि गरम असताना झाकण उघडू नका. ०.९ किलो दाबाखाली साधं पाणीसुद्धा ११८ अंशांच्या आसपास जाऊन उकळतं. झाकण उघडताच दाब जातो आणि सगळं एकदम वाफ होऊन तोंडावर येतं. घाई झाली की शहाणी माणसंही हे करतात.

तात्या_फिटर (रविवार, रात्री ९.४०)

जेवून घे आदी. हवा उद्यापर्यंत कुटं जात न्हाई, तीच तर तक्रार हाय.

खटपट्या (पुढचा शनिवार, सायंकाळी ७.१५)

दोन निपल बसवली. टाकी सीटच्या मागच्या आडव्या पाइपावर, सगळ्यांत उंच. मागचं निपल उघडलं तर आधी नुसतं फुसफुस, मग थुंकल्यासारखं, मग हिरवी धार. पुढचंही तसंच. सव्वा लिटर जास्तीचं कूलंट मावलं, म्हणजे तेवढी हवा आत होती.

आज दुपारी रानातून चाळीस मिनिटं फिरवली, उसाच्या कडेने, ओढ्यापर्यंत आणि परत. काटा मधोमध. फॅन दोनदा सुरू होऊन बंद झाला. थांबल्यावर पाइपांखाली जुना पेपर अंथरून तासभर ठेवला. एका जागी रुपयाएवढा ओला डाग पडला. डाव्या पाइपाचं पुढचं टोक. तिथे कानस मारता मारता हाक आली होती, जेवायला चल म्हणून, आणि बीडचा पाव भाग घासायचा राहून गेला होता. होज काढून बघितली, आतून बारीक चीर पडली आहे. उद्या नवीन आणतो.

आणखी एक, हे कोणीच सांगितलं नव्हतं. गरम पाइप सीटच्या डाव्या बाजूने जातो. शेजारी बसलेल्या आमच्या थोरल्या मावशी ओढ्यापाशी उतरल्या त्या परत बसल्याच नाहीत, चालत घरी आल्या.

चहाबिस्कीट (शनिवार, सायंकाळी ७.२०)

मावशींची मांडी कितपत भाजली? सेल्सिअसमध्ये सांगा, नट_बोल्ट हिशेब करतील.

सातासमुद्रापार (शनिवार, सायंकाळी ७.५०)

गरम पाइपावर एक्झॉस्टला गुंडाळतात ती फायबरची पट्टी गुंडाळा आणि वरून पत्र्याचं आवरण द्या, मध्ये बोटभर फट ठेवून. आम्हीही हे गाडी बांधून झाल्यावरच शिकलो.

डेअरीवाला_दादा (रविवार, सकाळी ६.४०)

फोटो कुठेत?